आज इमर्जन्सी आपली!

हाडं जोडायला शिकण्याची तीन वर्षं. त्यात किती रात्री जागायच्या, जागून नक्की काय शिकायला मिळतं आणि कुठली जागरणं निव्वळ वाया जातात? ‘ऑर्थो’ला जायचं स्वप्न बघणाऱ्यांनी सीट घेण्याआधी समजून घ्यावं असं काही.

दहीहंडी जवळ आली की मुंबई-ठाण्यातली गोविंदा पथकं थर लावायचा सराव करत असतात. त्याच दिवसांत सरकारी आणि महापालिकेच्या मेडिकल कॉलेजांतले अस्थिव्यंगोपचार विभागाचे, म्हणजे सगळ्यांच्या भाषेत ‘ऑर्थो’चे रेसिडेंट डॉक्टर ड्युटी चार्टसमोर उभे असतात. प्रश्न एकच, त्या दिवशी इमर्जन्सी कुणाची? ज्या युनिटचा नंबर लागला त्यांच्या वाट्याला मनगटं, खांदे, घोटे आणि एखाद-दुसरा मणका येणार, हे जवळपास ठरलेलंच.

ऑर्थोचं कॅलेंडर आपल्याच कालनिर्णयावर चालतं. संक्रांतीला पतंगामागे धावताना गच्चीवरून पडलेली मुलं. मे महिन्यात आंब्याच्या आणि चिंचेच्या झाडावरून थेट प्लास्टर रूममध्ये आलेली मुलं. जून उजाडला की खड्डे, चिखल आणि घसरलेल्या दुचाक्या. वर्षभर बाथरूममध्ये पाय घसरून खुबा मोडलेले आजी-आजोबा तर आहेतच. या सगळ्यांना पहिल्यांदा हात लावणारा डॉक्टर बहुतेक वेळा पंचविशी-तिशीतला असतो. एमबीबीएस झालेला, नीट-पीजीतून सीट मिळवलेला आणि कदाचित काल रात्रीपासून न झोपलेला.

इमर्जन्सी म्हणजे काय रे भाऊ?

मोठ्या कॉलेजात ऑर्थोची अनेक युनिट्स असतात. प्रत्येक युनिटला एक प्रमुख, त्यांच्या हाताखाली एक-दोन शिक्षक, सिनियर रेसिडेंट आणि एमएस करणारे ज्युनियर रेसिडेंट. एमएस तीन वर्षांचं, त्यामुळे जेआर-१, जेआर-२, जेआर-३ अशी उतरंड. युनिटचा आठवडाही आखलेला असतो. ओपीडीचे दिवस ठरलेले, ऑपरेशनचे दिवस ठरलेले आणि इमर्जन्सीचा दिवसही ठरलेला. त्या दिवशी सकाळपासून दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत हॉस्पिटलच्या दारात येणारं प्रत्येक मोडलेलं हाड त्या युनिटचं.

कागदावर हे चोवीस तास. पण चोवीस तास संपले म्हणून कुणी अॅप्रन काढून हॉस्टेलवर जात नाही. रात्री दाखल केलेल्या पेशंटचा राउंड असतो. सकाळच्या एक्स-रे मीटिंगमध्ये प्रत्येक केस उभी राहून सांगायची असते. ज्यांचं ऑपरेशन आजच व्हायला हवं त्यांचं रक्त, भुलीची तपासणी, नातेवाइकांची संमती हे सगळं लावायचं असतं. मग तेच ऑपरेशन असिस्टही करायचं. चोवीसाचे छत्तीस असे होतात, कुणी तसा नियम केलेला नसताना.

रात्रीच्या कामाची वाटणीही उतरंडीप्रमाणे. जेआर-१ कॅज्युअल्टीत, पहिला हात त्याचा. जेआर-२ प्लास्टर रूम आणि थिएटर यांच्यामध्ये धावत असतो. जेआर-३ निर्णय घेतो: हे आत्ता थिएटरमध्ये न्यायचं, की स्लॅब लावून सकाळपर्यंत थांबायचं? त्याला शंका आली की सिनियर रेसिडेंट, मग फोनवर सर किंवा मॅडम. साखळी बरी असेल तर पहाटे तीन वाजताही फोन उचलला जातो. नसेल तर जेआर-१ अशा निर्णयासमोर एकटा उभा राहतो, जो घ्यायची अजून त्याची पाळी आलेली नाही.

आधी माणूस, मग हाड

पहिल्याच आठवड्यात डोक्यात बसवली जाणारी गोष्ट म्हणजे हाड पळून जात नाही. अपघाताचा पेशंट आला की आधी श्वास, मग रक्तस्राव, मग शुद्ध, आणि त्यानंतर वाकडा झालेला पाय. नवख्याची नजर त्या वाकड्या पायावरच खिळते, कारण तो दिसतो. पण मांडीचं हाड मोडलं की बाहेर थेंबही न दिसता आतल्या आत लिटर-दीड लिटर रक्त जाऊ शकतं. पेल्व्हिस, म्हणजे कमरेचं हाडाचं कडं फुटलं तर त्याहूनही जास्त. म्हणून एक्स-रेला पाठवण्याआधी बीपी आणि नाडी.

मग हाडाकडे. जखम उघडी आहे का? असेल तर अँटिबायोटिक लवकरात लवकर, धनुर्वाताचं इंजेक्शन, भरपूर सलाइनने धुणं. हाडाच्या वरचा आणि खालचा सांधा दिसेल असे दोन बाजूंनी एक्स-रे. खुब्याचा सांधा निखळला असेल तर तो काही तासांतच बसवायचा, उशीर झाला तर मांडीच्या हाडाच्या गोळ्याचा रक्तपुरवठा जाऊ शकतो. लहान मुलाचं कोपराजवळचं हाड मोडलं असेल तर आधी मनगटाची नाडी शोधायची, कारण मोडलेलं टोक तिथली रक्तवाहिनी दाबू शकतं.

आणि एक गोष्ट, जिच्यासाठी ऑर्थोचा रेसिडेंट रात्री दोन वाजता उठून वॉर्डात फेरी मारतो. कंपार्टमेंट सिंड्रोम. पोटरीत किंवा हातात, मोडलेल्या हाडाभोवती सूज वाढत जाते. स्नायूंवरचं आवरण ताणलं जात नाही, वरून प्लास्टर घट्ट असेल तर आणखीच. आत दाब वाढतो आणि स्नायूंना रक्त मिळेनासं होतं. अशा पेशंटचं दुखणं जखमेच्या मानाने फार जास्त असतं. इंजेक्शन देऊनही थांबत नाही, आणि पायाची बोटं नुसती ताणली तरी तो ओरडतो. पहिला उपाय सोपा: प्लास्टर आणि आतला कापूस थेट कातडीपर्यंत कापून मोकळा करणं. तेवढ्याने भागलं नाही तर तातडीचं ऑपरेशन करून आवरण उघडायचं. साधारण सहा तासांच्या आत हे झालं नाही तर स्नायू मरायला लागतात. पाय राहिला तरी त्यातली ताकद जाते, कधी पायच जातो.

यातली गोम अशी की नाडी शेवटपर्यंत लागू शकते. मॉनिटर वाजत नाही. ‘खूप दुखतंय हो डॉक्टर’ एवढंच पेशंट म्हणत असतो, आणि ऑर्थोच्या वॉर्डात तर सगळ्यांचंच दुखत असतं. चाळीस दुखणाऱ्यांतून तो एक ओळखायला डॉक्टरचं डोकं जागेवर लागतं. ड्युटीच्या तासांची चर्चा इथे येऊन खरी होते.

तीन वर्षांत काय काय?

बाहेरून बघणाऱ्याला ऑर्थो म्हणजे ड्रिल, हातोडी आणि स्क्रू. पण इमर्जन्सी हा या प्रशिक्षणाचा एकच भाग. पहिलं वर्ष वॉर्ड, ड्रेसिंग आणि प्लास्टर रूममध्ये जातं. चांगलं प्लास्टर घालणं ही कला आहे, आणि ती पुस्तकातून येत नाही. दुसऱ्या वर्षी थिएटरमध्ये असिस्ट करत करत सोप्या केसेस हातात येतात. तिसऱ्या वर्षी शिक्षक समोर उभे राहतात आणि चाकू रेसिडेंटच्या हातात असतो. याच्या जोडीला थिसिस, लॉग-बुक, सेमिनार आणि शेवटी परीक्षा.

मधल्या काळात रोटेशन. मणका, लहान मुलांचं ऑर्थो, सांधेरोपण, दुर्बिणीतून होणारी गुडघ्या-खांद्याची ऑपरेशन्स, हाताची सर्जरी. कुठल्या कॉलेजात यातलं काय आणि किती मिळेल, हे तिथल्या शिक्षकांवर आणि सोयींवर ठरतं. इमर्जन्सीची सवय झालेल्या मुलांना या रोटेशनमध्ये एक वेगळाच धडा मिळतो. सगळं काही एका रात्रीत होत नसतं!

क्लबफूटचं उदाहरण घ्या. जन्मतः पाऊल आत वळलेलं बाळ. पॉन्सेटी पद्धतीत दर आठवड्याला पाऊल थोडं थोडं सरळ करत नवं प्लास्टर घालतात, साधारण पाच ते सात वेळा. बहुतेक बाळांना मग टाचेच्या वरच्या शिरेवर एक छोटासा छेद. त्यानंतर विशेष बूट, सुरुवातीला जवळपास दिवसभर आणि पुढे चार-पाच वर्षांचं होईपर्यंत झोपताना. यात मोठं ऑपरेशन नाही. बाळाच्या आईने बूट घालणं सोडलं तर पाऊल पुन्हा वळतं. म्हणजे इथे सर्जनचं मुख्य हत्यार बोलणं. मणक्याच्या टीबीचंही तसंच. महिनोन्‌महिने औषध चालू ठेवायचं, आणि बरं वाटायला लागलं म्हणून पेशंटने ते मध्येच सोडू नये यासाठी त्याच्या मागे लागायचं.

२०२० मध्ये आलेल्या नियमानुसार पीजीच्या प्रत्येक विद्यार्थ्याला तिसऱ्या, चौथ्या किंवा पाचव्या सेमिस्टरमध्ये तीन महिने जिल्हा पातळीवरच्या रुग्णालयात काम करावं लागतं. डीआरपी म्हणतात याला, डिस्ट्रिक्ट रेसिडेन्सी प्रोग्रॅम. सुरुवातीला अनेकांना ही शिक्षा वाटते. पण मोठ्या कॉलेजात एका फोनवर सिटी स्कॅन, रक्तपेढी आणि रक्तवाहिन्यांचा सर्जन मिळतो. जिल्ह्याच्या गावी यातलं काय आहे आणि काय नाही, हे धरूनच निर्णय घ्यावा लागतो. मळणी यंत्रात अडकलेला हात इथे ठेवायचा की पुढे पाठवायचा? पाठवायचा तर वाटेत पाच तास जाणार, मग निघण्याआधी काय काय करून द्यायचं? हा धडा शहरात बसून मिळत नाही.

हाडवैद्याकडून आलेला पेशंट

महाराष्ट्रात ऑर्थो शिकायचं म्हणजे हाडवैद्य हा विषय टाळता येत नाही. पडल्या-झडल्यावर आधी गावातल्या हाडवैद्याकडे जायचं, ही अनेक घरांची जुनी रीत. काही पेशंट तिथून बांबूच्या कामट्या आणि घट्ट पट्टी बांधून येतात, बोटं काळी-निळी पडल्यावर. अशा वेळी ‘आधी का नाही आलात?’ म्हणून रागावणं सगळ्यात सोपं. त्याने पुढचा पेशंट मात्र आणखी उशिरा येतो.

गंमत अशी की ज्या थॉमस स्प्लिंटमध्ये मोडलेली मांडी ठेवायला प्रत्येक जेआर-१ शिकतो, ते बनवणारे ह्यू ओवेन थॉमस हे एकोणिसाव्या शतकातले डॉक्टर हाडवैद्यांच्याच घराण्यातले होते. मूळचे वेल्सचे, लिव्हरपूलमध्ये प्रॅक्टिस करणारे. त्यांचे भाचे रॉबर्ट जोन्स यांनी पहिल्या महायुद्धात हे स्प्लिंट आघाडीवर वापरायला लावलं, आणि मांडी मोडलेल्या सैनिकांचे मृत्यू खूप कमी झाले. हाडवैद्याच्या परंपरेतलं जे उपयोगी होतं ते शास्त्राने तपासून घेतलं, तेव्हा त्याचं असं काही झालं. हे माहीत असलेला रेसिडेंट पेशंटशी जरा वेगळ्या सुरात बोलतो.

तासांचा हिशेब

आता मुद्द्याचं. किती तास काम करावं?

याला उत्तर आहे, आणि ते जुनं आहे. केंद्र सरकारच्या १९९२ च्या रेसिडेन्सी योजनेत लिहिलंय की सलग ड्युटी सहसा दिवसाला १२ तासांपेक्षा जास्त नसावी आणि आठवड्याला आळीपाळीने एक सुट्टी मिळावी. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या २०२३ च्या पीजी नियमांत आकडा नाही, ‘वाजवी’ तास आणि पुरेशी विश्रांती असे शब्द आहेत. वर्षाला किमान २० दिवस पगारी रजा मात्र स्पष्ट लिहिली आहे. आयोगाच्याच टास्क फोर्सने विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्याचा अभ्यास करून २०२४ मध्ये शिफारस केली की आठवड्याला ७४ तासांपेक्षा जास्त काम नको, एक पूर्ण दिवस सुट्टी आणि रोज सात-आठ तास झोप हवी. महाराष्ट्रात निवासी डॉक्टरांची ‘मार्ड’ ही संघटना वर्षानुवर्षं हेच मागत आली आहे.

झोपेचा मुद्दा लाडाचा नाही. १९९७ मध्ये ‘नेचर’मध्ये आलेल्या एका प्रयोगात दिसलं की सलग १७ तास जागलेल्या माणसाचं हात-डोळ्यांचं काम रक्तात ०.०५ टक्के अल्कोहोल असलेल्या माणसाइतकं घसरतं, आणि २४ तासांनंतर ०.१० टक्क्यांइतकं. आपल्याकडे गाडी चालवायला कायद्याची मर्यादा ०.०३ टक्के आहे. म्हणजे पहाटे दारू पिऊन बाइक ठोकलेल्या पेशंटला टाके घालणारा डॉक्टर, एक थेंबही न पिता, त्या मर्यादेच्या पार पुढे असू शकतो.

अमेरिकेत हा प्रश्न एका मृत्यूमुळे ऐरणीवर आला. १९८४ मध्ये न्यूयॉर्कच्या एका रुग्णालयात लिबी झायन ही १८ वर्षांची मुलगी दगावली. तिचे वडील पत्रकार होते, त्यांनी रेसिडेंटच्या ड्युट्यांवर बोट ठेवलं. पुढे १९८९ मध्ये त्या राज्यात आणि २००३ पासून देशभर आठवड्याला ८० तासांची मर्यादा आली.

मग तास कमी केले की झालं? इतकं सरळ नाही. अमेरिकेतच ११७ सर्जरी प्रोग्रॅम्समध्ये केलेल्या एका मोठ्या चाचणीत, २०१६ मध्ये, असं दिसलं की ८० तासांची मर्यादा पाळूनच शिफ्टच्या वेळा लवचीक ठेवल्या, तर पेशंटचे मृत्यू किंवा गंभीर गुंतागुंती वाढल्या नाहीत. कारणही समजण्यासारखं आहे. शिफ्ट बदलली की पेशंट एका हातातून दुसऱ्या हातात जातो, आणि ‘तीन नंबरच्या बेडचं प्लास्टर जरा घट्ट वाटत होतं’ हे एक वाक्य सांगायचं राहिलं तर नव्या, ताज्यातवान्या डॉक्टरलाही ते कळत नाही. सर्जरीचे अनेक शिक्षक याच कारणाने तास कमी करायला कचरतात. ते म्हणतात, रात्री दाखल केलेला पेशंट सकाळी थिएटरमध्ये आणि दीड महिन्याने ओपीडीत तुम्हीच बघितला नाही, तर तुम्ही शिकलात काय? या म्हणण्यात तथ्य आहे.

पण मग त्या छत्तीस तासांचा हिशेब मांडूया. जखम धुणं, हाड बसवणं, निर्णय घेणं, सिनियरशी वाद घालणं, हे शिक्षण. रक्ताची बाटली आणायला रक्तपेढीत जाणं, ट्रॉली ढकलणं, रिपोर्टसाठी लॅबच्या खिडकीशी उभं राहणं, एकच माहिती तीन रजिस्टरांत लिहिणं, हे शिक्षण नाही. वॉर्डबॉय, नर्स, टेक्निशियन, क्लार्क यांच्या रिकाम्या जागांचं काम रेसिडेंटच्या अंगावर येतं आणि त्यालाच ‘रगडा’ असं नाव मिळतं. ‘आम्हीही केलं’ हे वाक्य मग त्याच्यावर शिक्का मारतं. हे तास कापले तर एकाही हाडाचं शिक्षण कमी होणार नाही. वाचलेल्या वेळात रेसिडेंट चार तास झोपला, तर सकाळच्या ऑपरेशनमध्ये जास्तच शिकेल.

आणि दुसरी गोष्ट, हँडओव्हर. लेखी, बेडच्या शेजारी उभं राहून, कुणावर लक्ष ठेवायचं ते नावानिशी सांगून केलेला हँडओव्हर. त्याला पंधरा-वीस मिनिटं लागतात. तो नीट होत असेल तर ड्युटी संपल्यावर जाणाऱ्याला पळपुटं म्हणायची गरज उरत नाही.

सीट घेण्याआधी विचारा

ऑर्थो ही ताकदीची, म्हणून मुलांची ब्रँच, हा समज अजून पुरता गेलेला नाही. आजही या शाखेत मुली फार कमी दिसतात. खुबा बसवायला जोर लागतो हे खरं, पण त्याहून जास्त लागते ती योग्य कोन, नीट दिलेली भूल आणि असिस्टंटची साथ. दंडाच्या जोरावर ऑर्थो करणाऱ्याची पाठ चाळिशीतच बोलायला लागते. मुलगा असो वा मुलगी, रस असेल तर हा विचार आडवा येऊ देऊ नका. मुलींनी मात्र एक चौकशी जरूर करावी: इमर्जन्सीच्या रात्री आडवं व्हायला वेगळी ड्युटी रूम आहे का?

कॉलेज निवडताना फक्त नाव आणि स्टायपेंड बघू नका. तिथल्या जेआर-१ला गाठा, जमल्यास कँटीनमध्ये, आणि हे विचारा.

युनिटची इमर्जन्सी किती दिवसांनी येते, आणि दुसऱ्या दिवशी किती वाजता सुटका होते?

रात्री शिक्षक फोन उचलतात का? गरज पडली तर येतात का?

तिसऱ्या वर्षाच्या मुलांनी स्वतः किती आणि कोणती ऑपरेशन्स केली? लॉग-बुक खरं भरलं जातं का?

थिएटरमध्ये सी-आर्म, म्हणजे चालू ऑपरेशनमध्ये एक्स-रे दाखवणारं मशीन, सतत चालू असतं. मग शिशाचे अॅप्रन आणि गळ्याचे थायरॉइड शील्ड सगळ्यांना पुरतात का? किरणं मोजणारा बॅज मिळतो का, की तो ऑफिसच्या कपाटात असतो?

हँडओव्हर लिहून होतो का, की जिन्यात भेटल्यावर?

आणि शेवटचा प्रश्न: पूर्ण सुट्टीचा दिवस शेवटचा कधी मिळाला? याचं उत्तर द्यायला समोरच्याला फार आठवावं लागलं, तर तेही उत्तरच समजा.

एवढं सगळं ऐकूनही ऑर्थो घ्यावंसं वाटलं तर खुशाल घ्या. आडवा आलेला माणूस दोन-तीन महिन्यांनी स्वतःच्या पायांवर चालत ओपीडीत येतो, असं वारंवार बघायला मिळणाऱ्या शाखा फार नाहीत. फक्त पहिल्या इमर्जन्सीला जाताना दोन गोष्टी खिशात ठेवा, प्लास्टर कापायची कात्री आणि सिनियरचा नंबर. आणि दोन्ही वापरायला लाजू नका.